कुंभकोणमची हंडी

चेन्नईत थंडी पडते असं मी म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसू देत. मार्गळी लागला, म्हणजे तिकडे मार्गशीर्ष सरून पौष येतो तो महिना लागला, की आमचे अप्पा पहाटे माकडटोपी घालून, वरून मफलर गुंडाळून गॅलरीत बसायचे आणि 'काय गारठा पडलाय' असं खालच्या दूधवाल्याला ऐकवायचे. दूधवाला बिचारा बनियनवर. तिरुवल्लिकेणीतल्या त्या गल्लीत आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान आणि समोर एक मॅन्शन, म्हणजे बिनलग्नाच्या नोकरदारांनी खच्चून भरलेली चार मजली इमारत. देवळाच्या कर्ण्यावर भजन सुरू झालं की अम्मा खाली उतरून दाराशी सडा घालायची आणि अर्धी गल्ली व्यापेल एवढी रांगोळी काढायची. मधोमध शेणाचा गोळा, त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मॅन्शनमधली पोरं लुंगी वर धरून, रांगोळीवर पाय न पडू देता उड्या मारत चहाला जायची. कुणाचा पाय पडलाच तर अम्मा वरून ओरडायची, आणि तो पोरगा वर बघून 'सॉरी, आंटी' म्हणायचा. थंडीतली आमची सकाळ अशी सुरू व्हायची. सकाळच्या खाण्यालाही मिऱ्याचा वास असायचा, कारण महिनाभर रोज तूप-मिरं घातलेला खारा पोंगल, म्हणजे तांदूळ आणि मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. शेवटच्या आठवड्यात त्या वासात भाजलेल्या तिळाचा वास मिसळला की समजायचं, संक्रांत आली.

घरात आम्ही तंजावरी मराठी बोलतो. 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढतो. हे पुस्तक मी ज्या मराठीत लिहितेय ती मी नंतर, पुण्यात दोन-तीन संघटनांची पत्रकं लिहून देता देता शिकले. पत्रकाचं एक बरं असतं. त्यात चूक कुणाची ते पहिल्या ओळीत ठरलेलं असतं, आणि वाचणारा कधीच त्या चुकणाऱ्यांतला नसतो. या प्रकरणाचं तसं झालं नाही, म्हणून ते तीनदा लिहून तीनदा फाडलं. आता तिशी उलटली. आणखी थांबले तर मी ते गोड करून टाकीन, अशी मला भीती वाटते.

आमच्या घरात तेव्हा अप्पा, अम्मा, माझा मोठा भाऊ, त्याला मी तमिळ रीतीनं अण्णा म्हणते, त्याची बायको जानकी आणि मी. अण्णा ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात होता. त्याच्या पाळ्या अशा विचित्र असायच्या, की सणाच्या फोटोत तो सहसा नसेच. जानकीवैनी कुंभकोणमची. तिथल्याच तंजावरी मराठी घरातली, एकुलती एक मुलगी. शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर ऑफिसात नोकरी. सकाळी नारळ खोवून, पुरणाची डाळ शिजत टाकून, गळ्यात ओळखपत्र अडकवून ती कंपनीची बस गाठायची, आणि संध्याकाळी आली की त्याच ओळखपत्रासकट पोळ्या लाटायला बसायची. मी तिला म्हणायचे, "वैनी, ते काढ तरी. पोळीवर तुझा फोटो उमटेल." ती म्हणायची, "उमटू दे. कुणी केली ते तरी कळेल." माझं आणि तिचं पटायचं. तिची ही असली वाक्यं मी माझ्या भाषणांत वापरायचे, तिला न विचारता.

आता सीर. तमिळ लोकांत पोंगलच्या सणाला लेकीच्या घरी माहेरहून आहेर जातो, त्याला सीर म्हणतात. नवा तांदूळ, गूळ, ऊस, पानांसकट उपटलेलं हळदीचं रोप, साडी आणि एक भांडं, ज्यात सणाचा पोंगल शिजवायचा. आमच्या लोकांनी इतक्या पिढ्यांत तमिळ शेजाऱ्यांकडून पुष्कळ काही घेतलं, त्यात हेही घेतलं आणि त्याला आपलं संक्रांतीचं हळदीकुंकू जोडून टाकलं. त्यामुळे आमच्याकडे भोगीच्या संध्याकाळी दोन्ही एकदम. बाहेरच्या खोलीत चटई अंथरायची, तिच्यावर सीर मांडायचं, आणि गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. बायका यायच्या ते सीर बघायला. बघायला म्हणजे साडीचा काठ बोटांत चुरगळायला, तांदळाचा दाणा दाताखाली धरायला, ऊस किती पेरांचा ते पाहायला. मग अम्मा भांडं उचलायची आणि त्याच्यावर घातलेलं नाव मोठ्यानं वाचायची. आमच्यात भांड्यावर नाव असल्याशिवाय ते सीरचं भांडंच नाही. कुणाला, कुणाकडून, ते त्यावर पाहिजे आणि ते चारचौघींत वाचलं गेलं पाहिजे. तेव्हाच माहेरानं दिलं असं होतं. माझी अम्मा वाईट बाई नव्हती, आजही नाही. सुनेला तिनं कधी टाकून बोललेलं मला आठवत नाही. सीर कमी आलं म्हणून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. झालं नाही कारण ते कधी कमी आलंच नाही.

ते आणायचे वैनीचे वडील. वैनी त्यांना नाना म्हणायची, मी मामा. कुंभकोणमला तळ्याजवळ त्यांचं पितळी भांड्यांचं छोटं दुकान होतं. बुटका, गोल माणूस. कपाळावर गंध, खांद्यावर पंचा. कुठलंही भांडं दिसलं की त्याला नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा, ही सवय. आमच्या स्वयंपाकघरात शिरले की एकेका भांड्याला टिचक्या मारत फिरायचे. "विहीणबाई, हे पातेलं कुणी विकलं तुम्हाला? त्याला धरून आणा, मी बोलतो त्याच्याशी." अम्मा लटकं रागवायची. "तुमच्या लेकीनंच आणलंय ते, रंगनाथन स्ट्रीटवरनं." "अय्यो, मग बरं आहे पातेलं, फार बरं आहे." दर भोगीला ते रात्रभर बसनं येऊन, डोक्याएवढ्या उंच उसाच्या मोळीसकट जिना चढायचे. अप्पा दारातच म्हणायचे, "यावं संबंधी, यावं! ऊस आणलात की अस्कं शेत?" इकडे व्याह्याला संबंधी म्हणतात. मामा धापा टाकत म्हणायचे, "शेत जड झालं, संबंधी. बसमध्ये कंडक्टरनं घेतलं नाही." हा संवाद दरवर्षी व्हायचा आणि दोघं दरवर्षी पहिल्यांदाच केल्यासारखे हसायचे.

भांड्यावरचं नाव मामा स्वतः घालायचे. छिन्नी आणि हातोडी, ठिपक्याला ठिपका लावून बाळबोध अक्षर. 'चि. सौ. जानकीस, नानांकडून.' अक्षर असं की गल्लीतल्या तमिळ बायकांना वाचता येत नसलं तरी त्या त्यावरून बोट फिरवायच्या. अम्मा म्हणायची, "हे हाताचं आहे हो. संबंधींच्या हाताचं." आणि तिच्या आवाजात असा काही तोरा यायचा, जसं काही ते तिनंच घातलं.

त्या थंडीत मी कॉलेजात होते आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या गटानं सीरविरुद्ध मोहीम घेतली. पत्रक मी लिहिलं. तमिळमध्ये होतं, मथळा असा: 'सीर ही भेट नाही, खंडणी आहे!' खाली बापांच्या घामाबद्दल, लेकींच्या अश्रूंबद्दल, लाजलज्जा सोडलेल्या सासरबद्दल. मी आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. बाप कर्ज काढून ऊस विकत घेतो आणि लेकीच्या सासरच्या चटईवर नेऊन तपासायला ठेवतो, याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. गल्लीत प्रत्येक दाराखालून मी ते सरकवलं. मॅन्शनच्या जिन्यात चिकटवलं. अप्पांनी ते पेपरात घालून वाचलं आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे." अम्मा म्हणाली, "आपल्या घरात कोण मागतंय? ते प्रेमानं आणतात." मी म्हटलं, "मग चटई कशाला?" अम्मा म्हणाली, "जमिनीवर ठेवायचं का मग?" झालं. आमच्या घरात माझी क्रांती इथपर्यंत यायची आणि जेवायला बसायची.

भोगीच्या दिवशी सकाळी आम्ही कोयंबेडूच्या बसस्टँडवर पत्रकं वाटायला गेलो. पहाटे गल्लोगल्ली जुन्या चटया, टायर जाळून झालेले, त्यामुळे सगळ्या शहरावर धूर, आणि त्या धुरातून गाठोडी, ऊस, पोरं घेऊन माणसं बसकडे धावतायत. कुणाला वेळ होता वाचायला? एका बाईनं माझं पत्रक घेऊन त्यात पोराचं नाक पुसलं. मैत्रिणी पुढच्या दाराशी होत्या. मी दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांच्या फलाटाकडे वळले, आणि एका खांबाशी मला जानकीवैनी दिसली. सकाळी ऑफिसला म्हणून गेलेली. गळ्यात ओळखपत्र. शेजारी उसाची मोळी उभी केलेली, पायाशी तांदळाची, गुळाची पिशवी, हळदीचं रोप, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी गोल. मला वाटलं, मामा आलेसुद्धा, चहा प्यायला गेले असतील. मी हाक मारणार, तेवढ्यात कुंभकोणमची गाडी लागली आणि मामा तिच्यातून उतरले. हातात एक कापडी पिशवी, बास. वैनीनं त्यांना वाकून नमस्कार केला. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची चुंबळ केली, वाकले, आणि ते सगळं सामान एकेक करून उचलायला लागले. वैनी हात लावायला गेली, त्यांनी लावू दिला नाही.

मी तशीच उभी. मामांनीच मला पाहिलं. "अग, मीना! काय वाटतेस? परीक्षेचं काही?" त्यांनी हात पुढे केला. मी पत्रकं पाठीमागे धरली. "काही नाही मामा, कॉलेजचं." ते हसले, ऊस पुन्हा खांबाला टेकवून तोंड धुवायला नळाकडे गेले. वैनी माझ्याजवळ आली.

"दुकान आडी महिन्यातच बंद झालं," ती म्हणाली. आडी म्हणजे आपला आषाढ. "पितळ कोण घेतं आता? जागाही सोडली. तुझ्या अण्णालासुद्धा सांगितलं नाही मी."

"मग सांग की! आज सांग. म्हणावं, या वर्षीपासून सीर बंद. मी आहे तुझ्या बाजूनं. आमचा सगळा गट—"

"आणि संध्याकाळी चटई?"

"राहू दे रिकामी."

"रिकाम्या चटईपाशी नाना बसतील. गल्लीतली ती पट्टूमामी विचारेल, संबंधी बरे आहेत ना, धंदा चाललाय ना. तू तेव्हा कुठं असशील? दुसऱ्या गल्लीत कागद वाटत." तिनं माझ्या पाठीमागून एक पत्रक ओढून घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. "चांगलं लिहिलंस. पण यात माझ्या बापाला बसायला जागा कुठंय, ती दाखव मला."

"वैनी, हे बरोबर नाही."

"बरोबर आहे असं कोण म्हणतंय? गप्प बस, एवढंच म्हणतेय. एक संध्याकाळ. ते ताठ मानेनं बसतील आणि ताठ मानेनं परत जातील. तेवढंच हवंय मला."

मी कबूल केलं. मामा सामान घेऊन शहराच्या बसमध्ये चढले, वैनी ऑफिसातून लवकर सुटल्यासारखी तासाभरानं घरी आली, मी तिच्याही नंतर. जिन्यातून अप्पांचा आवाज येत होता, तो उसाचा विनोद होऊन गेला होता. दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. इकडे भोगीला पोळी करतातच. अम्मा वाढत होती, "आणखी एक, संबंधी, तुमच्या लेकीनं लाटलीय." मामा पानावर हात आडवा धरत होते. ते स्वयंपाकघरात गेले नव्हते. एकाही भांड्याला त्यांनी टिचकी मारली नव्हती. अम्माच्या हे लक्षात आलं नाही, मला ते आल्यापासून दिसत होतं.

चार वाजून गेल्यावर अम्मानं चटई अंथरली. साडी, तांदूळ, गूळ, रोप ओळीनं मांडलं आणि सुतळी तोडून वर्तमानपत्र सोडवलं. हंडी चांगली होती, जाड, कल्हई केलेली. अम्मानं ती सवयीनं फिरवून नाव शोधलं आणि थांबली. अक्षरं तमिळ होती आणि मशीनची होती. बॉलपेननं ओढल्यासारखी बारीक, सलग रेघ, एकही ठिपका नाही. चेन्नईच्या दुकानात भांडं घेतलं की पोऱ्या तिथल्या तिथं घालून देतो तसलं नाव. वैनीनं नावाशिवाय चालणार नाही म्हणून घालून घेतलं असणार. मामांनीही हंडी पहिल्यांदाच उघडी पाहिली, कारण कोयंबेडूपासून ती गुंडाळलेलीच होती. मी हंडीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. कुणी आपल्याच अंगावरचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर पाहावा तसे ते त्या अक्षरांकडे बघत होते.

"हे काय, संबंधी?" अम्मा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. "हे तुमच्या हाताचं नाही."

वैनी स्वयंपाकघराच्या दारातून घाईनं म्हणाली, "नानांनी मशीन आणलंय दुकानात. आता अस्कं मशीनवरच—"

"जानकी," मामा म्हणाले, "पुरे." मग त्यांनी पंचा मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत घालत बोलले. "विहीणबाई, दुकान राहिलं नाही. ही हंडी मी आणलेली नाही. हिनं घेतली, हिच्या पगारातनं. ऊसपण, तांदूळपण, तुमच्यापुढं आहे ते अस्कं. बसचं तिकीट काढून मी आलो, एवढंच माझं."

अप्पांनी हातातला पेपर हळूच वर केला आणि त्यांचं तोंड दिसेनासं झालं. खाली पोरं भोगीच्या डफल्या बडवत होती. मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. मला वाटलं, झालं एकदाचं. मामांनी स्वतःच सांगितलं. आता अम्मा चटई गुंडाळेल, म्हणेल, संबंधी, चुकलं आमचं. मनातल्या मनात मी ते वाक्य पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घालूनसुद्धा टाकलं. अम्माच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं हंडी मांडीवर घेतली होती. "अय्यो संबंधी," ती म्हणाली, "आम्हाला सांगायचं नाही होय? आम्ही काय परके?" मग तिनं डोळे पुसले, घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मीना, अप्पांची हत्यारांची पेटी आण. माळ्याखाली आहे."

मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. अम्मा मामांकडे वळली आणि अगदी मायेनं, लहान मुलाची समजूत घालावी तशी बोलायला लागली. "बायका यायला अवकाश आहे अजून. छिन्नी आहे घरात. हंडीच्या गळ्यावर जागा आहे, तिथं तुम्ही घाला तुमच्या हातानं. खालचं मशीनचं हळदीचं रोप बांधून झाकून टाकू. कुणाला कळायचं नाही. तुमचा मान तुमच्यापाशीच राहील."

"नको, विहीणबाई."

"नको कसं? गल्ली तुमचं अक्षर बघायला येते."

मामांनी वैनीकडे पाहिलं. वैनी जमिनीकडे बघत होती. अप्पांचा पेपर हलत नव्हता. त्या खोलीत आमच्यापैकी कुणी एकानं जरी 'नको' म्हटलं असतं, एकदा, मोठ्यानं, तर तो माणूस सुटला असता. त्यानं आपलं काम केलं होतं, जे कुणालाच जमत नव्हतं ते चार वाक्यांत सांगून मोकळा झाला होता. आणि त्या सबंध गल्लीत या विषयावर सगळ्यात जास्त बोललेली मुलगी, जिचं पत्रक दारादारांत पडलं होतं, ती मुलगी उठली आणि पेटी घेऊन आली.

हंडी मीच धरली. तिच्यात जुना टॉवेल कोंबला, म्हणजे ठोकताना वाजायला नको, आणि ती दोन्ही गुडघ्यांत पकडून बसले. मामांनी छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं. लाकूडकामाची होती ती, पितळावर चालवायची नव्हे, तरी त्यांनी हातोडी उचलली. पहिला ठिपका घसरला. "घट्ट धर बाळ," ते म्हणाले, "हललं की अक्षर फाटतं." मी घट्ट धरली. प्रत्येक ठोका माझ्या गुडघ्यातून मांडीपर्यंत जात होता. 'चि.' झालं, 'सौ.' झालं. 'जानकीस' होता होता त्यांचा हात बसला. मान कलती झाली, ते फुंकर मारून कीस उडवायला लागले. त्यांचं डोकं माझ्या तोंडाशी होतं, केसांना खोबरेल तेलाचा आणि बसच्या धुळीचा वास येत होता. शेवटचा शब्द घालायच्या आधी ते क्षणभर थांबले. मला वाटलं, हातोडी खाली ठेवतील. मग त्यांनी 'नानांकडून' घातलं. लेकीनं आपल्या पैशानं घेतलेल्या हंडीवर, लेकीच्या सासरी, सासूच्या आग्रहावरून, लेकीच्या नणंदेच्या मांडीवर. अम्मा शेजारी बसून हळदीच्या रोपाची पानं पुसत होती आणि म्हणत होती, "किती छान. बघितलंस, किती छान."

मग बायका आल्या. हळदीकुंकू झालं, तिळाची उंडी, म्हणजे तिळगुळाचे लाडू, मी ताटातून फिरवली. अम्मानं हंडी उचलली आणि नाव वाचलं, दरवर्षीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. बायकांनी गळ्यावरून बोटं फिरवली. झेरॉक्सवाल्याची बायको आपल्या मुलीला म्हणाली, "बाप असावा तर असा." मामांनी हात जोडले. आणि मग पट्टूमामी, सगळ्या गल्लीत जिच्या तोंडाला कुणी लागत नसे ती, माझ्याकडे वळली. "काय गं मीना, तुझा कागद आला माझ्या दाराखालून. खंडणी म्हणे! या हंडीला पण खंडणीच म्हणणार का तू?" सगळ्या हसल्या. अप्पा हसले. मामाही हसले, मला सांभाळून घेतल्यासारखे. वैनी तेवढी हसली नाही. माझ्या हातात ताट होतं.

"नाही, मामी," मी म्हटलं.

मामा त्याच संध्याकाळी निघाले. अण्णा पाळीवरून यायच्या आत. अम्मानं पोळ्या बांधून दिल्या, त्या त्यांनी घेतल्या. वैनी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली, आणि परत आल्यावर तिनं उद्याच्या पोंगलसाठी तांदूळ निवडायला घेतले. मी तिच्यापाशी जाऊन बसले. ती म्हणाली, "जा, अभ्यास कर," आणि वर पाहिलं नाही. त्यानंतर मामा आमच्या घरी कधीच आले नाहीत. बस झेपत नाही, असं कळवतात. सीर मात्र चुकलेलं नाही. आता ते पार्सलनं येतं. वैनी ऑफिसात बसून फोनवरून मागवते, पाठवणाऱ्याच्या जागी नानांचं नाव घालते, आणि डिलिव्हरीवाला बेल वाजवतो तेव्हा सहसा तीच दार उघडते आणि सही करते. अण्णाला आता सगळं माहीत आहे. तो म्हणतो, तिची खुशी आहे. चटई अजून अंथरतात.

मी या विषयावर गावोगाव बोलले आहे. शेकडो बायकांसमोर, माईकवर, मुठी आवळून. भाषणात मी बिहारचं सांगते, मराठवाड्याचं सांगते, तमिळनाडूच्या खेड्यांचं सांगते, तिरुवल्लिकेणीतली ही खोली मात्र सांगत नाही. एकदा सभेत एका मुलीनं विचारलं, ताई, तुमच्या घरात असं काही होतं का? मी म्हटलं, आमच्या घरात कुणी मागत नाही. अम्माचं वाक्य, जसंच्या तसं. लाज वाटते ती याची. अम्मानं क्रूरपणा केला असता तर मी तिच्याशी भांडून मोकळी झाले असते. भांडून पाहिलंसुद्धा, दोन वर्षांपूर्वी. तिनं लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काय करायचं होतं मी? त्यांना त्या बायकांत रिकाम्या हातानं बसवायचं होतं? तू बसली असतीस त्यांच्या शेजारी?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चटईच घालायची नाही, बायकांना बोलवायचंच नाही, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि मी ते दिलंही. पण तिनं दुसरा प्रश्न विचारला होता. तिथं बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. मी हंडी धरून बसले होते.

हे प्रकरण लिहायच्या आधी मी वैनीला फोन केला. तिच्या बापाची गोष्ट, तिला न विचारता छापायची नाही, एवढी अक्कल आता आली आहे. ती ऑफिसातून परतत होती, बसचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, काय लिहिणार, काय नाही. कोयंबेडू, हंडी, पट्टूमामी. 

"लिही," ती म्हणाली. "अस्कं लिही. अम्मांचंपण लिही, तुझंपण लिही." मग म्हणाली, "पण अक्षर चांगलं आलं होतं, तेही लिही. घरची छिन्नी होती, तरी चांगलं आलं होतं. नाना अजून विचारतात मला फोनवर, 'सौ'ची दुसरी मात्रा बसली होती का नीट."

बसली होती.